इंग्रजीची शंकापेटी : माणसं शंभर, क्रियापद एकवचनी

या वेळच्या बहुतेक शंका दोन गोष्टींभोवती फिरतात. ‘एव्हरीवन’, ‘नन’, ‘ईच’ अशा मोघम सर्वनामांपुढे क्रियापद कोणतं लावायचं ही पहिली, आणि पाठ केलेले शब्द टिकत का नाहीत ही दुसरी. वरवर वेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ बरंचसं एकच आहे, ते पुढे येईलच. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मनात न वाचता मोठ्याने म्हणून पाहा.

प्रश्न : ‘एव्हरीवन’ म्हणजे सगळे. मराठीत आपण ‘सगळे आले’ म्हणतो. मग इंग्रजीत ‘एव्हरीवन हॅज कम’ असं एकवचन का? बँकेच्या परीक्षेत दर वेळी इथेच गुण जातो. (एक परीक्षार्थी, परभणी)

गुण जातो तो भाषांतरामुळे. ‘एव्हरीवन’चा अर्थ ‘सगळे’ असा पाठ झाला की तोंडातून ‘हॅव’च येणार. अर्थ बदलून घ्या : एव्हरीवन म्हणजे प्रत्येकजण. प्रत्येकजण आला, ‘आले’ असं कोणी म्हणत नाही. तसंच ‘नायदर’चा अर्थ ‘दोन्ही नाहीत’ असा न करता ‘दोघांपैकी एकही नाही’ असा करा. दोघांपैकी एकही आला नाही. एकवचन आपोआप येतं, नियम आठवावा लागत नाही.

हे शब्द फोडून पाहिले की त्यांच्या पोटात एकच माणूस किंवा एकच वस्तू सापडते. एव्हरी, सम, एनी आणि नो या चौघांना वन, बडी आणि थिंग ही तीन शेपटं लावा. बारा शब्द होतात आणि बाराच्या बारा एकवचनी. त्यांत ईच, आयदर, नायदर, अनदर, मच आणि लिटल मिळवले की यादी जवळजवळ संपली. नेहमी अनेकवचनी राहणारे शब्द तर पाचच : बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल, अदर्स.

‘पण माणसं तर शंभर असतात’ ही तक्रार मात्र मराठी माणसाने करू नये. ‘बाबा आले’, ‘साहेब निघाले’ असं आपण रोज म्हणतो. बाबा एकच, क्रियापद अनेकवचनी. व्याकरणातलं वचन आणि प्रत्यक्षातली डोकी यांचा हिशेब आपल्याकडेही जुळत नाही. इंग्रजीत तो उलट्या बाजूने चुकतो, इतकंच.

चुकीची आणखी दोन कारणं आहेत. पहिलं ‘एस’चं. नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसतं की क्रियापदाला ‘एस’ दिसला तरी तेच वाटतं. तिथे प्रकरण उलटं आहे. ‘द बॉय प्लेज’, पण ‘द बॉइज प्ले’. साध्या वर्तमानकाळात ‘एस’ एकच, नामाकडे किंवा क्रियापदाकडे, असं धरून चाला. ‘एव्हरीवन’ला ‘एस’ नाही, म्हणून तो ‘नोज’ला मिळाला : ‘एव्हरीवन नोज’.

दुसरं कारण खास मराठीचं. आपल्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं. प्रत्येकाने पुस्तक आणलं, प्रत्येकाने पुस्तकं आणली, प्रत्येकाने वही आणली. कर्ता तोच, क्रियापद तीन प्रकारचं. त्यामुळे ‘एव्हरीवन’ आणि ‘बुक्स’ एका वाक्यात आले की आपला कान पुस्तकांकडे वळतो. इंग्रजी क्रियापद कर्माकडे ढुंकूनही पाहत नाही. पुस्तक एक असो की दहा, ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट’.

प्रश्न : ‘ईच ऑफ द कँडिडेट्स हू अप्लाइड फॉर द पोस्ट्स’ इतकं वाचेपर्यंत कर्ता कोणता तेच विसरायला होतं. चूक शोधण्याच्या प्रश्नांसाठी काही ठरावीक पद्धत आहे का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

आहे, आणि ती पेन्सिलची आहे. आधी मुख्य क्रियापदाखाली रेघ मारा. मग ‘ऑफ’पासून त्या क्रियापदाच्या अलीकडच्या शब्दापर्यंत सगळं कंसात टाका. तुमच्या वाक्यात ‘ऑफ द कँडिडेट्स हू अप्लाइड फॉर द पोस्ट्स’ एवढं कंसात गेलं. उरलं ‘ईच’ आणि पुढे, समजा, ‘हॅज रिसीव्ड अ लेटर’. प्रश्न काढणारा मुद्दाम ‘कँडिडेट्स’, ‘पोस्ट्स’ असे अनेकवचनी शब्द क्रियापदाला चिकटवून ठेवतो. कंस घातला की त्याची चाल दिसते. इथे क्रियापदं दोन आहेत हेही लक्षात घ्या. ‘अप्लाइड’ हे ‘हू’चं, ते कंसातच जातं.

ही पद्धत सहा शब्दांना लावू नका : ऑल, एनी, मोअर, मोस्ट, सम आणि नन. त्यांचं वचन ‘ऑफ’च्या पुढच्या नामावर ठरतं, म्हणजे कंसातला ऐवजच बघावा लागतो. ‘सम ऑफ द मिल्क वॉज स्पिल्ट’, पण ‘सम ऑफ द बॉइज वेअर लेट’. इथे मराठी मदतीला येते. तुमच्या मनातलं मराठी वाक्य ‘थोडं’, ‘सगळं’, ‘बरंचसं’ असं होत असेल तर एकवचन. ‘काही’, ‘सगळे’, ‘बहुतेकजण’ असं होत असेल तर अनेकवचन. ‘ऑल इज वेल’ म्हणजे सगळं ठीक, ‘ऑल आर वेल’ म्हणजे सगळे ठीक. अनुस्वाराच्या जागी मात्रा, एवढाच फरक. अपूर्णांकही याच रांगेतले : ‘हाफ ऑफ द वर्क इज डन’, ‘हाफ ऑफ द वर्कर्स आर ॲबसेंट’.

‘ऑफ’च्या आसपासच्या तीन चुका परीक्षेत पुन्हापुन्हा विचारतात. एक, ‘वन ऑफ माय फ्रेंड’. मित्र अनेक आहेत आणि त्यांतला एक, म्हणून नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी : ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज अ डॉक्टर’. दोन, ‘एव्हरीवन ऑफ देम’ असा जोडशब्द. ‘ऑफ’ आला की शब्द तोडून ‘एव्हरी वन’ लिहायचे, क्रियापद एकवचनीच. तीन, ‘मोस्ट ऑफ स्टुडंट्स’. ‘ऑफ’नंतर ‘द’, ‘माय’, ‘दीज’ असं काहीतरी हवंच. नसेल तर ‘ऑफ’ काढून टाका : ‘मोस्ट स्टुडंट्स’.

आणि ‘ईच’ची एक खोड. तो कर्त्याच्या आधी असेल तर एकवचन, पण अनेकवचनी कर्त्याच्या मागून आला तर त्याचं काही चालत नाही. ‘ईच ऑफ द बॉइज हॅज अ बॅट’, पण ‘द बॉइज ईच हॅव अ बॅट’. दुसऱ्या वाक्यात कर्ता ‘बॉइज’ आहे.

प्रश्न : आमच्या सरांनी शिकवलं की ‘नन’ नेहमी एकवचनी. इंग्रजी वर्तमानपत्रात मात्र सर्रास ‘नन ऑफ देम वेअर’ दिसतं. खरं कोणाचं? (वाचक, नाशिक)

वर्तमानपत्र चुकलेलं नाही. सरांचा नियम मात्र गरजेपेक्षा कडक आहे. तो आला व्युत्पत्तीवरून. जुन्या इंग्रजीत ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘आन’ म्हणजे एक, दोन्ही मिळून ‘एकही नाही’. म्हणून एकवचन, असा युक्तिवाद. पण त्याच जुन्या इंग्रजीपासून हा शब्द दोन्ही वचनांत चालत आला आहे आणि आजचे मोठे कोश दोन्ही रूपं मान्य करतात. शब्दाच्या जन्मावरून त्याची आजची वागणूक ठरवायची, तर मराठीतलेही कितीतरी शब्द चुकीचे ठरतील.

व्यवहारात असं करा. ‘ऑफ’पुढे न मोजता येणारं नाम असेल तर निर्विवाद एकवचन : ‘नन ऑफ द वॉटर इज क्लीन’. मोजता येणारं असेल तर दोन्ही चालतं. ‘एकही नाही’ यावर जोर द्यायचा असेल तर ‘नन ऑफ देम वॉज’, एरवी ‘वेअर’. परीक्षेत दोन्ही पर्याय असतील तर जुन्या वळणाच्या उत्तरतालिका एकवचनाकडे झुकतात, म्हणून तिथे ‘वॉज’ लिहून मोकळं व्हा.

‘नायदर ऑफ देम’बद्दल मात्र लिहिताना एकवचनच ठेवा. बोलण्यात ‘आर’ ऐकू येतं, औपचारिक लेखनात ते खटकतं. हा शब्द दोघांपुरताच आहे हेही विसरू नका. तिघे किंवा जास्त असले की ‘नन’.

प्रश्न : दुबईत कंपनीच्या कामासाठी रोज ईमेल लिहावे लागतात. ‘एनीवन’ एकवचनी असतो हे माहीत आहे, तरी ‘डज एनीवन हॅज एनी क्वेश्चन’ या वाक्याला वरिष्ठांनी लाल रेघ मारली. का? (वाचक, दुबई)

कारण एकवचनाची खूण तुम्ही दोनदा वापरली. ‘डू’चं ‘डज’ झालं तिथेच ‘एस’ खर्च झाला. पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं : ‘डज एनीवन हॅव एनी क्वेश्चन्स?’ मुळात नियम माहीत असलेली माणसंच ही चूक करतात. ‘एनीवनला हॅज’ असं जोडीने पाठ केलेलं असतं आणि मधल्या ‘डज’कडे लक्ष जात नाही.

कॅन, मस्ट, शुड, विल यांच्यापुढेही तेच : ‘एव्हरीवन मस्ट हॅव ॲन आयडी कार्ड’. ‘लेट’ किंवा ‘मेक’च्या मागे आलं तरी मूळ रूप : ‘लेट एव्हरीवन नो’. उलट ‘इफ’च्या मागे ‘डज’ नसतो, तिथे ‘एस’ लागतो : ‘इफ एनीवन हॅज अ क्वेश्चन, प्लीज राइट टू मी’.

परिपत्रकांच्या भाषेत आणखी एक प्रकार दिसतो आणि तो बघून लोक बुचकळ्यात पडतात : ‘इट इज इसेन्शल दॅट एव्हरीवन बी प्रेझेंट’. ही छापखान्याची चूक नव्हे. आग्रह, सूचना, विनंती दाखवणाऱ्या शब्दांनंतर ‘दॅट’ आला की औपचारिक इंग्रजीत क्रियापद मूळ रूपात येतं. ‘वी रिक्वेस्ट दॅट एव्हरीवन अटेंड’ याला ‘अटेंड्स’ करू नका. अवघड वाटलं तर ‘शुड बी’, ‘शुड अटेंड’ लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

प्रश्न : ‘एव्हरीवन’ एकवचनी असेल तर ‘एव्हरीवन हॅज डन देअर होमवर्क’ यात ‘देअर’ कसं चालतं? मुलांना काय सांगायचं? प्रश्नपुच्छाचं, म्हणजे क्वेश्चन टॅगचंही सांगा. (शिक्षिका, सांगली जिल्हा)

क्रियापद ‘हॅज’ आणि पुढे ‘देअर’, ही जोडी विसंगत दिसते खरी, पण ती चौदाव्या शतकापासून वापरात आहे. मधल्या काळात व्याकरणकारांनी ‘हिज’चा आग्रह धरला. वर्गात निम्म्या मुली असताना ‘एव्हरीवन हॅज डन हिज होमवर्क’ म्हणणं अडचणीचं होऊ लागलं, तेव्हा ‘हिज ऑर हर’ आलं. ते दर वाक्यात लिहिलं की नोटीस कोर्टाची वाटते. आता ‘देअर’ पुन्हा मानाने बसलं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2019च्या लेखनशैलीच्या नियमांनीही एका व्यक्तीसाठीचं ‘दे’ स्वीकारलं.

मुलांना हे पटवणं मराठी शाळेत सोपं आहे. ‘मुख्याध्यापक आले, ते खुर्चीवर बसले’ यातले ‘ते’ किती? एकच. उत्तरपत्रिकेत धोका नको असेल तर वाक्यच अनेकवचनी करायला शिकवा : ‘ऑल स्टुडंट्स हॅव डन देअर होमवर्क’. त्यावर जुना परीक्षकही आणि नवाही टीक करतो.

प्रश्नपुच्छात तर ‘दे’ला पर्याय नाही. माणसांसाठी ‘दे’ : ‘एव्हरीवन हॅज कम, हॅवन्ट दे?’ वाक्यात ‘हॅज’ आणि पुच्छात ‘हॅव’, कारण आता कर्ता ‘दे’ झाला. वस्तूंसाठी ‘इट’ : ‘एव्हरीथिंग इज रेडी, इझन्ट इट?’ आणि नोबडी, नो वन, नथिंग यांच्यात नकार आधीच मुरलेला असल्यामुळे पुच्छ होकारार्थी : ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’, ‘नथिंग इज राँग, इज इट?’ मुलं सर्वांत जास्त चुकतात ती इथे. ‘नॉट’ दिसला तरच नकार, अशी त्यांची समजूत असते.

थोडक्यात उत्तरं

‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ (वाचक, जळगाव) : ‘अ’ असेल तर अर्थ ‘बरेच’, म्हणून अनेकवचन : ‘अ नंबर ऑफ पीपल आर वेटिंग’. ‘द’ असेल तर अर्थ ‘संख्या’, आणि संख्या वाढते, वाढतात नव्हे : ‘द नंबर इज राइझिंग’.

‘मेनी अ’ (वाचक, गोवा) : अर्थाने पुष्कळ, रूपाने एकवचनी : ‘मेनी अ फार्मर हॅज लॉस्ट हिज क्रॉप’. ‘मोअर दॅन वन स्टुडंट वॉज ॲबसेंट’ हेही तसंच. एकाहून जास्त म्हणजे निदान दोन, तरी ‘वॉज’. इथे तर्क लढवू नका, क्रियापदाजवळचं ‘वन स्टुडंट’ बघा.

‘वन ऑफ दोज हू’ (वाचक, सोलापूर) : ‘शी इज वन ऑफ दोज टीचर्स हू नेव्हर शाउट’. न ओरडणाऱ्या शिक्षिका अनेक आहेत, ही त्यांतली एक. ‘हू’ हा ‘टीचर्स’चा, म्हणून ‘शाउट’ला ‘एस’ नाही. पण ‘द ओन्ली वन ऑफ’ आलं की न ओरडणारी एकटीच उरते आणि ‘शाउट्स’ होतं.

प्रश्न : मुलीने निबंधात ‘माय हेअर्स आर लाँग’ लिहिलं. केस तर अनेक असतात! आणि ‘न्यूज आर’ का नाही? (गृहिणी, कणकवली)

सुरुवातीला म्हटलं ते समान मूळ हेच. मराठी मूल ‘खुर्ची’ हा शब्द शिकतं तेव्हा ‘ती’ही सोबतच शिकतं. ‘टेबल’बरोबर ‘ते’ येतं. लिंग हा आपल्या शब्दाचाच भाग आहे, तो वेगळा पाठ करावा लागत नाही. इंग्रजीत ती जागा वचनाने घेतली आहे. शब्द मोजता येणारा की न येणारा, हे ठाऊक नसेल तर तो अर्धाच आला. मग मोघम सर्वनामांचे सगळे नियम येत असूनही ‘सम ऑफ द’पुढे ‘इज’ की ‘आर’ हे ठरत नाही.

दोन भाषांचा हिशेब इथे कसा फिरतो ते बघा. केस गळतात, तांदूळ निवडले, गहू दळून आणले, बातम्या लागल्या : मराठीत अनेकवचन. इंग्रजीत हेअर, राइस, व्हीट, न्यूज, चारही एकवचनी. ‘बहुतेक केस पिकले’ याचं ‘मोस्ट ऑफ माय हेअर हॅज टर्न्ड ग्रे’. ‘हेअर्स’ अगदी चूक नाही, पण तो सुटे केस मोजताना : वरणात दोन केस सापडले तर ‘टू हेअर्स’. उलट्या बाजूला कात्री, पँट, चष्मा या आपल्याकडे एकेकच वस्तू, पण ‘सिझर्स आर’, ‘ट्राउझर्स आर’, ‘ग्लासेस आर’. आणि ‘पोलीस आला’चं ‘द पोलीस हॅज कम’ होत नाही. ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी आहे. एकटा असेल तर ‘अ पोलीस ऑफिसर’.

‘फर्निचर्स’ या चुकीचं खापर मात्र मराठीवर फोडता येत नाही. घरात आपण ‘फर्निचर केलं’ म्हणतो, ‘फर्निचरं केली’ कोणी म्हणत नाही. ‘माहिती’चंही आपण अनेकवचन करत नाही. म्हणजे कान बरोबर सांगत असतो, लिहिताना आपण त्याचं ऐकत नाही. ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’ यांना ‘एस’ नाही. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ’, ‘टू पीसेस ऑफ’.

शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी–इंग्रजी कोशात प्रत्येक नामापुढे खूण असते. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न येणारं. अर्थाआधी ती खूण बघायची सवय मुलीला लावा. इंग्रजी–मराठी खिसाकोशात ती बहुधा नसते.

प्रश्न : रोज वीस शब्द पाठ करतो. आठवड्याने पाच आठवतात. स्मरणशक्ती वाढवायला काय करू? (एमपीएससीचा विद्यार्थी, पुणे)

स्मरणशक्तीला दोष देऊ नका, वीस हा आकडा कमी करा. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. उपाय एकच : विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवणं. त्यासाठी जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये खोक्याची पद्धत लोकप्रिय केली. घरी ती बुटाच्या खोक्यात होते.

खोक्यात पुठ्ठे घालून पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ आणि पाचवा सोळा दिवसांनी. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. एकदाही न चुकलेली चिठ्ठी साधारण महिन्याने खोक्याबाहेर पडते.

आता हिशेब करा. प्रत्येक चिठ्ठी पाच वेळा समोर येते. रोज सहा नवे शब्द घेतले तर काही आठवड्यांनी रोज तीस चिठ्ठ्या तपासाव्या लागतात. चुकून मागे आलेल्या धरून चाळीस. एकीला दहा सेकंद म्हटले तरी सात मिनिटांत काम संपतं. वीस शब्द घेतलेत तर रोज शंभरावर चिठ्ठ्या होतात, दोन दिवस चुकले की ढीग साठतो आणि खोकं माळ्यावर जातं. सहाच घ्या.

चिठ्ठी कशी लिहायची, हे खोक्याहून महत्त्वाचं. एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, एवढंच असेल तर शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. पुढच्या बाजूला रिकामी जागा असलेलं वाक्य लिहा. उदाहरणार्थ, ‘शी गेव्ह मी अ गुड पीस ऑफ…’ आणि कोपऱ्यात ‘सल्ला’. मागे ‘ॲडव्हाइस’, त्याखाली : नाम, न मोजता येणारं, ‘एस’ नाही, स्पेलिंगमध्ये ‘सी’, उच्चाराच्या शेवटी ‘स’. त्याखाली क्रियापद ‘ॲडव्हाइझ’, स्पेलिंगमध्ये ‘एस’, उच्चाराच्या शेवटी ‘झ’. शेवटी सोबती : ‘टेक’, ‘फॉलो’, ‘आस्क फॉर’. चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा. नुसती वाचत गेलात तर सगळं येतंय असा भास होतो.

दोन गोष्टी टाळा. वर्णक्रमाने पाठ करू नका. ‘अबँडन, अबेट, अबॉलिश’ असे सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेतले की ते एकमेकांत गुंततात. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ किंवा विरुद्धार्थी जोड्याही एकत्र नकोत. एक पक्का बसल्यावर, आठवडाभराने दुसरा घ्या.

प्रश्न : शब्दसंग्रहासाठी इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचा, असं सगळे सांगतात. एका परिच्छेदाला अर्धा तास लागतो. चिकाटी कमी पडते का? (वाचक, बीड)

सल्ला चुकीच्या टप्प्यावर मिळालाय. मजकूर पेलेल का, हे आधी मोजा. कुठलंही पान घेऊन सलग शंभर शब्द वाचा आणि अडलेल्या शब्दांखाली टिंब द्या. दोन किंवा कमी टिंबं असतील तर कोशाशिवाय आनंदाने वाचा. तीन ते पाच असतील तर अभ्यासाला उत्तम. त्याहून जास्त असतील तर ते पान सहा महिन्यांनी. अग्रलेखात दहा-बारा शब्द अडत असतील तर ते वाचन राहत नाही, कोश चाळणं होतं.

आधी पाया. इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे दोन हजार सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले जवळपास ऐंशी शब्द त्या यादीतल्या शब्दकुळांतले असतात. कूळ म्हणजे ‘डिसाइड’ घेतला की ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘अनडिसायडेड’ही आले. कोशाविना कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा 2006चा अंदाज आहे. पदवीची पाठ्यपुस्तकं वाचायची असतील तर पहिल्या दोन हजारांनंतर भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली केलेली 570 शब्दकुळांची यादी घ्या. अवघड आणि चमकदार शब्दांच्या जाड याद्यांची पाळी त्यानंतर. ‘युबिक्विटस’ येतो पण ‘बॉरो’ आणि ‘लेंड’मध्ये गल्लत होते, अशी अवस्था परीक्षेलाही उपयोगी नाही आणि नोकरीलाही.

प्रश्न : शब्द माहीत असतात, पण बोलताना चुकीचा बाहेर पडतो. आणि मराठीत रूढ झालेले इंग्रजी शब्द तरी बिनधास्त वापरावेत का? (दुकानदार, इचलकरंजी)

शब्द एकेकटे शिकल्याचा हा परिणाम. एक ‘काढणे’ घ्या. फोटो काढला, चित्र काढलं, तिकीट काढलं, पैसे काढले, कर्ज काढलं, सहल काढली, बूट काढले, दिवस काढले. मराठीत एक क्रियापद, इंग्रजीत आठ कामं : ‘टेक अ फोटो’, ‘ड्रॉ अ पिक्चर’, ‘बाय अ टिकेट’, ‘विदड्रॉ मनी’, ‘टेक आउट अ लोन’, ‘ऑर्गनाइझ अ ट्रिप’, ‘टेक ऑफ शूज’ आणि शेवटच्याला ‘गेट बाय’. म्हणून वहीत ‘काढणे’ असं शीर्षक देऊन त्याखाली सोबतच्या नामासह इंग्रजी जोड्या लिहा. ‘लावणे’, ‘घालणे’, ‘मारणे’, ‘बसणे’ यांची एकेक पानं करा. दुकानात दिवसभर आपण काय काय बोलतो, त्यातूनच ती भरतात. दुसऱ्या टोकाने विशेषणं : पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘हार्ड’ नसतो. आपण परीक्षा देतो. भारतात ‘गिव्ह’ खपून जातं, बाहेर मात्र ‘टेक’ म्हणा, नाहीतर पेपर तुम्हीच काढला असं ऐकणाऱ्याला वाटेल.

मराठीत मुरलेले शब्द हे मोठं भांडवल आहे, पण त्यांतल्या काहींनी इकडे येऊन अर्थ बदलला आहे. आपण मिसळ खायला हॉटेलात जातो. इंग्रजीत ‘होटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा, मिसळीला ‘रेस्टॉरंट’. आपली गॅलरी म्हणजे त्यांची ‘बाल्कनी’, एसटीचा स्टँड म्हणजे ‘बस स्टेशन’, परीक्षेत केलेली कॉपी म्हणजे ‘चीटिंग’. लाइट गेली तर ‘पॉवर कट’ म्हणायचं. गाडीच्या डिक्कीला ब्रिटनमध्ये ‘बूट’ आणि अमेरिकेत ‘ट्रंक’. आणि ‘स्टेपनी’ हा शब्द अस्सल ब्रिटिश असूनही आजच्या ब्रिटनमध्ये सहसा कोणाला कळत नाही. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाकं बनत, त्या रस्त्याचं नाव आपल्या गॅरेजांत टिकून राहिलं. तिथे ‘स्पेअर व्हील’ मागा.